कोरड्या वादीतला मुक्काम

आमच्या ग्रुपमधले एक गृहस्थ आखातातल्या रुवैसच्या रिफायनरीत परांच्या तपासतात. त्यांनी हिरवं कार्ड लावल्याशिवाय तिथे कुणी वर चढत नाही. आमच्याबरोबर डोंगरात कॅम्पिंगला आले तरी ही खोड सुटत नाही. प्रत्येक तंबूचा दोर बोटाने छेडून बघतात, खुंटी बुटाने दाबतात, "ओके, खलास" म्हणतात आणि पुढे सरकतात. आभार ऐकायला थांबत नाहीत.

गेल्या हिवाळ्यात आम्ही वादीच्या, म्हणजे कोरड्या ओढ्याच्या पात्रात मऊ वाळूवर तंबू ठोकले. लांबच्या कड्यावर ढग दिसताच ते म्हणाले, "यल्ला, सगळं वर घ्या. पाणी सांगून येत नाही." सगळे वैतागले. मुलं "अंकल, प्लीज!" करत राहिली. तरी त्यांनी आम्हाला वर दगडांवर हलवलंच.

सकाळी पात्र कोरडंच होतं. पाठी चोळत सगळे त्यांची टर उडवत होते. त्यात मीही होतो. ते एवढंच म्हणाले, "नाही आलं, बरंच झालं की."

मी चहा द्यायला गेलो. त्यांचा तंबू सगळ्यांच्या खाली, पात्राच्या अगदी काठावर होता. आत स्लीपिंग बॅग गुंडाळलेलीच होती. बाहेर खुर्ची ओढ्याच्या वरच्या वळणाकडे तोंड करून मांडलेली. बूट अजून त्यांच्या पायातच होते.