धडधडीत हरवलेला आवाज

भंडाऱ्याच्या बसस्टँडजवळ इअरफोन विकणाऱ्या काकूंचं नाव मला अजून माहीत नाही. गिऱ्हाईक आलं की त्या आधी चिमूटभर फुटाणे देतात. इअरफोन कानात घालून ते चावायचे. चावताना इअरफोन निसटला, तर त्याचं रबर बदलायचं. माझं दोनदा बदललं.

“आता तुयं गाणं लाव,” त्या म्हणाल्या.

मी घाईने एक गाजलेलं हिंदी गाणं लावलं. ढोल जोरात वाजला, आणि मी म्हटलं, “हाच द्या.”

“हे तू आयकत नाही. तोंडावरूनच दिसून राह्यलं. लाजते कायले वो?”

मग मी खरं गाणं लावलं. आमच्या दिघोरीला धानाच्या बांधीत रोवणा, म्हणजे भाताच्या खाचरात लावणी करताना आई आणि इतर बायांनी म्हटलेलं, मीच फोनवर घेतलेलं. होस्टेलात कोणाला ऐकवायचं धाडस मला झालं नव्हतं. पण त्या इअरफोनमध्ये सगळ्यांचा एकच गलका झाला. आईचा आवाज सापडत नाही, असं मी हळूच सांगितलं.

“ह्या जोडीच्या धडधडीत माय हरवतेच,” म्हणत काकूंनी दुसरी साधी जोडी काढली.

आता एकेक बाई वेगळी ऐकू आली. आई सगळ्यांच्या मागून ओळ उचलत होती, आणि कोणीतरी चिखलात घसरल्यावर गाणं सोडून हसत होती. मला घरी गेल्यासारखं वाटलं.

काकूंनी एक बाजू स्वतःच्या कानात घातली आणि डोळे मिटले.

“काकू, मले चार्जर पाह्यजे,” मागचा माणूस म्हणाला.

“थांब ना बाप्पा,” त्या डोळे न उघडता म्हणाल्या, “आमची बांधी रोवून व्हाची आहे अजून.”