खांद्यावरची थाप

शिलेशियातल्या त्या कोळशाच्या खाणीत गेरार्ड कोत्सूरच्या बचाव तुकडीचा एकच नियम. धुरात काही दिसत नाही, म्हणून शेवटच्या माणसाने पुढच्याच्या खांद्यावर थाप द्यायची. ती हातोहात म्होरक्यापर्यंत आली की मगच पाऊल उचलायचं. बावीस वर्षं गेरार्ड म्होरक्या होता आणि एकही माणूस मागे राहिला नव्हता.

आता आलं हे चष्म्याचं खूळ! तो डोळ्यांवर चढवला की दिसणारी खाण खोटी, धूर खोटा, आणि पाच जण पाच खुर्च्यांवर, एकमेकांना हात पोचणार नाही असे. हे यंत्र तुकडीला वापरायला सोपं की अवघड, ते तपासायला विद्यापीठातून कालिना नावाची मुलगी आली होती.

पहिल्या फेरीत गेरार्ड सवयीने थापेची वाट बघत थांबूनच राहिला. थाप येणार कुठून, कपाळ! वेळ संपली आणि यंत्राने पाचही जणांना मारून टाकलं.

"पुन्हा नापास झालास तर तुकडी दुसऱ्याकडे," खाणीचे बोगुशसाहेब करवादले. "उद्यापासून वर खिडकीत बसून खाणीत उतरणाऱ्यांना दिवे वाटायचे. कळलं का, म्हातारबा?"

गेरार्डने चष्मा चढवला. काळा धूर अंगावर आला. थांबावं तर तुकडी हातची जाते, निघावं तर मागचे आहेत की नाहीत ते कळत नाही. अडकित्त्यातल्या सुपारीसारखी गत. त्याने वळून पाहिलं. चार आकृत्या दिसल्या. "चला," तो म्हणाला, आणि जन्मात पहिल्यांदा थापेविना निघाला.

घंटा वाजली. पाचही सुखरूप! साहेबांनी टाळ्या पिटल्या.

गेरार्डने चष्मा काढला. शेवटच्या खुर्चीत तुकडीतला एर्विन घामाने निथळत, डोकं गुडघ्यांत घालून बसला होता. चष्मा जमिनीवर.

"कधी काढलास रे?"

"पहिल्या वळणावरच, काका. जीव गुदमरला. हाक मारायला तोंडच उघडेना."

"अरे, पण तू माझ्या मागे चालत होतास!"

"मागचा कुणी थांबला तर यंत्र त्याची आकृती आपोआप चालवतं," कालिना ओशाळून म्हणाली.

गेरार्डला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साहेबांनी कालिनाचा तपासणीचा कागद पुढे सरकवला. "'सोपं' वर खूण कर, सही ठोक, म्हणजे सुटलास."

त्याने 'सोपं' वर खूण केली. खाली लिहिलं, 'फार सोपं. एर्विनला मागे टाकून आलो, मला कळलंसुद्धा नाही.' मग सही केली.

"साहेब," त्याने विचारलं, "दिव्यांची खिडकी सकाळी किती वाजता उघडते?"