रिमोल्डवाले गुरुलिंगअप्पा

गुरुलिंगअप्पा कुठल्याही गाडीत बसायच्या आधी तिच्या टायरवर बोटांच्या गाठींनी टकटक करायचे. एसटी असो, वऱ्हाडाची जीप असो, नाहीतर माझी स्कूटर. कान तिरका करून आवाज ऐकायचा आणि मगच पाय टाकायचा. आवाज बद्द आला तर सरळ म्हणायचे, "मास्तर, आतून सुटलंय हे. तुमी व्हा फुडं, मी चालत येतो."

औशात सोलापूर रोडला त्यांचं टायर रिमोल्डचं दुकान होतं. झिजून गोटा झालेलं टायर घासायचं, वर नवं रबर चढवायचं, भट्टीत शिजवायचं; तीस वर्षं हेच काम. कपाळावर विभूतीचे पट्टे आणि कोपरापर्यंत काळे हात. पण गावाच्या लेखी रिमोल्ड म्हणजे हलका माल. "अप्पा, लावा ठिगळं!" असं येता-जाता कुणीही म्हणायचं. अप्पांचं उत्तर ठरलेलं, "आरं, इमानाला बी रिमोल्डच लागतंय!" विमानाच्या टायरालाही रिमोल्ड, हे ऐकून लोकांना वाटायचं, अप्पा फेकतात. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटायचं, आणि मी तर विज्ञानाचा मास्तर.

त्यांची भाग्यश्री माझ्या आठवीच्या वर्गात होती. एकदा तिनं विमानावर भाषण केलं. दोघे पायलट सहसा एकच जेवण घेत नाहीत, एकाला बाधलं तर दुसरा धड राहावा म्हणून. खिडकीच्या काचेला बारीकसं भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. टायरात साधी हवा नसते, नायट्रोजन असतो. पोरं डोळे मोठे करून ऐकत होती. शेवटी ती म्हणाली, "आणि विमानाचं टायर पुन्हा पुन्हा रिमोल्ड करून वापरतात." मी मध्येच तोडलं, "बस खाली. हे तुझ्या बापाच्या दुकानातलं विज्ञान झालं!" वर्ग खदखदून हसला. पोरगी रडली नाही. पण पुढं वर्षभर तिनं माझ्या तासाला हात वर केला नाही.

दुसऱ्या दिवशी अप्पा शाळेत आले. मला वाटलं, झालं, आता भांडण. पण ते दारातच उभे राहिले.

"मास्तर, मला लबाड म्हना, चालंल. लेकीला चार पोरांत खोटं का पाडलाव? रबराच्या कंपनीतला मानूस मला सांगून गेला, तेच तिनं सांगितलं. ठोकून न्हाई दिलं."

"पुरावा काय, अप्पा?" मी म्हणालो. केवढा माज होता मला!

"हाय की. इमानाच्या टायरवर इंग्रजीतला आर लिहिलेला असतोय. किती डाव रबर चढवलं, त्याचा आकडा बी. म्या डोळ्यानं बघितलं न्हाई अजून. बघीन तवा तुमालाच दाखवीन."

त्याच आठवड्यात मी मोबाईलवर शोधलं. अप्पांचं अक्षरन् अक्षर खरं होतं. पण वर्गात जाऊन 'चुकलो' म्हणायला जीभ रेटेना. पोरगी दहावी झाली, कॉलेजला लातूरला गेली, तरी मी गप्पच. लिहितानाही लाज वाटते.

मग गेल्या वर्षी आम्ही औशाचे दहाजण काशीला निघालो, नांदेडहून विमानानं. विमानापर्यंत पायीच जायचं होतं. आम्ही सगळे शिडीकडे वळलो आणि अप्पा निघाले थेट चाकांकडे! वाकले आणि टकटक! सुरक्षारक्षक ओरडत धावला. आमच्यातला एकजण म्हणाला, "गेली काशी!" उड्डाणाआधी विमानाभोवती फिरून तपासणी करणाऱ्या पायलट बाई तिथंच होत्या. त्यांनी रक्षकाला थांबवलं आणि विचारलं, "क्या हुआ, बाबा?"

अप्पांनी हात जोडले. "मॅडम, टायर पे आर लिखेला है क्या? इत्ताच बोलो."

बाईंनी टॉर्च मारला. "हाँ, है. आर, और आगे चार. यानी चार बार नया रबर चढ़ा है. आपको कैसे पता?"

"हमारा येइच काम है," अप्पा म्हणाले. इतक्या ताठ मानेनं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मला वाटलं, आता सगळ्यांसमोर माझी काढणार. ते जवळ आले आणि हळूच म्हणाले, "भाग्याला फोन लावा मास्तर. मी न्हाई सांगत, तुमी सांगा."

शिडीच्या पायथ्याशीच मी फोन लावला. "भाग्यश्री, तुझं खरं होतं. मला कधीच कळलं होतं, मी बोललो नाही."

ती म्हणाली, "सर, वर्गात खोटं पाडलं होतं मला. वर्गातच सांगा."

चुकीचं काय बोलली ती? काशीहून आल्यावर मी अप्पांना शाळेत नेलं. भाग्यश्रीही आली, शेवटच्या बाकावर बसली. मी फळ्यापुढं उभा राहून माझ्या चुकीसकट सगळं सांगितलं आणि खडू अप्पांच्या हातात दिला. आज अप्पा नाहीत. पण त्या दिवशी फळ्यावर भलंमोठं टायर काढून त्यांनी जो तास घेतला, तसा मला पंचवीस वर्षांत एकदाही जमला नाही. अशा माणसाची आणि माझी ओळख होती, हे मी आता कुणालाही छाती फुगवून सांगतो.

तास संपता संपता एका मुलीनं विचारलं, "अप्पा, विमान खाली उतरताना भ्याव वाटलं का?"

"भ्याव?" अप्पा म्हणाले. "बाकीचे डोळे मिटून शिव-शिव करत व्हते. मी कशाला भितो? इमान आमच्याच कामावर उतरत व्हतं की!"