दोराच्या पुढे कोण होतं?

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टी मानणारा माणूस नाही. सोलापुरात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. मोटार जळाली की शोधल्यावर कारण सापडतंच, हा आजवरचा अनुभव. म्हणून तर या एका प्रकाराने डोकं उठलंय...

इरफान माझा शाळेपासूनचा दोस्त. त्याच्या घरचे टेम्पो आहेत. आमच्याकडे डोंगर औषधालाही नाही, पण आम्हा दोघांना बर्फाचं वेड! दोन वर्षांपूर्वी हिमाचलात लाहौलला गेलो. एकाच धारेवरची तीन शिखरं ओलांडायची आणि पलीकडच्या हिमनदीवरून उतरायचं. स्वयंपाकी हिमनदीच्या पायथ्याच्या तंबूवर थांबलेला. वर आम्ही दोघंच, एका दोराची दोन टोकं कमरेला बांधून.

तिसरं शिखर उतरून हिमनदीवर आलो आणि ढग खाली आले. सगळं पांढरं. स्वतःचे बूट दिसेनात. हिमनदीला जागोजाग खोल भेगा असतात, वरून बर्फाने झाकलेल्या. चुकीचा पाय पडला की माणूस आत.

आणि नेमका तिथेच इरफान बसला! खोकून खोकून त्याचा आवाज आदल्या दिवशीच गेला होता. हातानेच म्हणाला, तू जा. अरे, दोराने बांधलेल्या माणसाला 'तू जा' काय म्हणतो?

"आरं ऊठ की! हितं काय पाट मांडलाय व्हय तुज्यासाठी?" मी ओरडलो. ढिम्म हलेना. ओढलं, शिव्या दिल्या. रागही आला आणि रडूही आलं. रात्र तिथे काढली असती तर तो मेला असता, आणि त्याला सोडून मी जाणार नव्हतो. शेवटी थोडा बाजूला होऊन मीही बसकण मारली.

तेवढ्यात दोराला हिसका बसला. पुढून.

"चल की रे! बैठा कायकू?"

म्हटलं, उठला एकदाचा! मी दोरामागे निघालो. तो डावीकडे वळवत होता. माझ्या मते वाट उजवीकडे होती, तसं ओरडून सांगितलंही. पुढून नुसतं "चल की, चल की". कटकट नको म्हणून गेलो.

तंबूत पोचल्यावर चहा पिताना मी म्हटलं, "बरं आणलंस बाबा."

इरफानने कप खाली ठेवला. मग घशातून कसंबसं कुजबुजला, "मी कुटं? तू म्होरं होतास की. वाटभर शिव्या घालत होतास मला."

"मस्करी नको करू."

"अम्मीची शपथ. तूच वढत होतास."

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली... याला तर आवाजच नव्हता. मग "चल की" कोण म्हणत होतं?

आम्ही भांडलो, अगदी हमरीतुमरीवर आलो. शेवटी स्वयंपाक्याला विचारलं. त्याने मध्येच ढग फाटला तेव्हा आम्हाला पाहिलं होतं. म्हणाला, "आप दोनों तो बराबर चल रहे थे. बस, रस्सी बीच में से आगे खिंची हुई थी."

सकाळी आभाळ उघडलं तेव्हा हिमनदीची उजवी बाजू दिसली. अख्खी फुटलेली, भेगाच भेगा.

लोक शहाणपणा शिकवतात — ऑक्सिजन कमी, भास होतात. होत असतील हो! पण दोघांना एकच भास, अर्धा-अर्धा वाटून? आणि खाली बसून डाळ-भात शिजवणाऱ्या त्या बाबाला ऑक्सिजन कमी पडला काय? एका डॉक्टरांनी तर मला झोपेची गोळी दिली. दोर मात्र कुणी बघितला नाही.

सगळ्यात वैताग आमच्या घरच्यांचा. इरफानची अम्मी दर ईदला शीरखुर्म्याचा डबा माझ्या हातात देते आणि डोळे पुसते, "तूने मेरे बच्चे कू वापस लाया." माझी आई गावाकडे मंद्रूपला असते. भुईमुगाच्या शेंगा निघाल्या की पहिली पिशवी इरफानच्या घरी, "त्येनं माज्या लेकराला आनलं." खरं काय ते दोघींना कितीदा सांगितलं. अम्मी म्हणते, किती नम्र पोरगा. आई म्हणते, जरा उपकार मानायला शिक.

म्हणून हल्ली मुकाट्याने घेतो. तो शेंगा खातो, मी शीरखुर्मा खातो, आणि दोघांच्याही घशाखाली नीट उतरत नाही. या प्रकाराचं कारण मला आजही सापडलेलं नाही. ज्याने आम्हाला आणलं, त्याच्या हातावर अजून कुणी काहीच ठेवलेलं नाही.