गोबरा खात नाही

"खडकात काही नाही," असं जेटीच्या कामाचा साहेब आमच्या गावच्या सभेत म्हणाला. जेटीसाठी किनाऱ्यावरच्या खडकांवर भराव टाकायचा होता आणि हा जागा बघून आला होता. कधी बघून आला? भरतीला. भरतीला आमचे खडक पाण्याखाली असतात, हे चिंचणीच्या वाळूवर फुगे विकणाऱ्यालाही ठाऊक आहे. मी उठले आणि म्हणाले, "पुढच्या सभेत खडकातलं जिवंत आणून दाखवते तुम्हाला." टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की माणूस पुढचा विचार करत नाही.

बाबांनी ओहोटीला खडकातला एक वीतभर गोबरा मासा धरून दिला. गळाने धरला असता तर तोंड फाटलं असतं, म्हणून कपारीच्या तोंडाशी हातजाळं लावून काढला. तपकिरी अंग, त्यावर नारिंगी ठिपके, आणि खालचा ओठ असा पुढे आलेला, की जन्मापासून कुणाशी तरी भांडतोय. मला आवडलाच तो.

काचेची टाकी बोईसरहून आणली. दुकानदाराकडे सगळे गोड्या पाण्यातले रंगीत मासे. खाऱ्या पाण्याचं नाव काढल्यावर तो म्हणाला, "मॅडम, समुंदर का माल हम नहीं रखते. खाता नहीं है, मर जाता है." मला वाटलं, याला धंद्यातलं कळत नाही. हवा सोडायचा पंप आणि गोळ्यांच्या खाऊचा डबा घेऊन मी निघाले.

पाणी आम्ही खाडीपासून लांब, उघड्या समुद्रातून कॅन भरभरून आणलं. खाडीत कारखान्यांचं काय काय येतं, हे बोईसर-तारापूरच्या माणसाला सांगावं लागत नाही. टाकीत मी दुसरं काही ठेवलं नाही. दगड नाही, वाळू नाही. चार वर्षं गावच्या समितीची पत्रकं लिहून एवढं शिकले होते की लोकांना स्पष्ट दिसलं पाहिजे. मासा चारी बाजूंनी दिसला पाहिजे.

दिसत होता. कोपऱ्यात, काचेला नाक लावून. आणि खात नव्हता.

गोळ्या टाकल्या, त्या फुगून तळाला बसल्या. सुका जवळा भिजवून टाकला. ताज्या कोळंबीचे तुकडे टाकले. मांदेलीचं डोकं टाकलं. त्याने वळूनही पाहिलं नाही. टाकलेलं काढायला उशीर झाला की पाणी गढूळ व्हायचं, वास सुटायचा. म्हणजे त्याला जगवायला मी जे टाकत होते, तेच त्याला मारत होतं. मग पुन्हा कॅन घेऊन समुद्रावर.

गाव बघायला येत होतं. येणारा प्रत्येक जण काचेवर टकटक करायचा. "ए गोबऱ्या!" मीच बोलावलेले लोक, हाकलू कशी? शेजारच्या काकी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "मेला तं मीठ लावून सुकव गो. सायबाला सुका दाखव." सगळे हसले. मी हसले नाही. त्याचं पोट आत गेलं होतं, कल्ले भरभर हलत होते आणि ठिपके फिके पडून अंग काळवंडलं होतं. सभा रविवारी. मेलेला गोबरा नेला असता तर साहेबाने काही बोलायचीही गरज नव्हती. आणि नेला नसता, तर या पोरीला नुसतं ओरडता येतं, असं सगळ्यांनी म्हटलं असतं.

आईचा वेगळाच राग. ती बोईसरच्या बाजारात मासे विकते. टोपली उतरवत म्हणाली, "जलम गेला मासं मारन्यात. माशाला भरवताना आमच्या घरान्यात कोनाला बगितलं नाय."

"मग सांग ना काय भरवू!"

"मला काय ठाव? मी काय त्याची आय हाय? सोडून ये त्याला."

"आणि सभेत काय दाखवू?"

"तुजं तोंड दाखव. तेवडं तं नेमी दाखवतंस."

दुपारी लाईट गेली. इथून वीजकेंद्राचे दिवे दिसतात, आणि घरात पंखा फिरत नाही. यावर माझं एक पत्रक तयार आहे, पण त्या दुपारी पत्रक कुठलं आठवतंय! पंप बंद पडला. पाण्यात हवा जाईना, गोबरा तोंड वासून वर आला. मी तांब्याने पाणी उचलायचं आणि उंचावरून परत टाकीत सोडायचं, असं करत बसले. दंड भरून आले. आई चुलीपासून बघत होती. उठली, दुसरा तांब्या घेतला आणि समोर बसली. लाईट येईपर्यंत आम्ही दोघी एका माशासाठी पाणी उपसत होतो. तो जगला. पण खाल्लं नाहीच.

संध्याकाळी आईने बाजारात न खपलेलं घरी आणलेलं, ते साफ करायला मी विळीवर बसले. त्यात एक गोबरा होता. पोट फाडलं, आतडी काढली, आणि कोथळ्यातून एक चिंबोरी, खडकातला बारका खेकडा, बाहेर आली. सुपारीएवढी, पाय शाबूत. असले कोथळे लहानपणापासून मी शेकड्याने मांजरीला टाकलेत. आत काय असतं ते हातांना रोज दिसत होतं. पण मासा काय खातो, हा प्रश्न आमच्या घरात कधी पडलाच नव्हता. आमच्याकडे प्रश्न एकच असतो, मासा केवढ्याला जातो.

"आई," मी म्हणाले, "हा जिवंत खातो."

"मग हात धू आनि जा," ती म्हणाली. "पानी चढायला लागंल."

खडकातून बारक्या चिंबोऱ्या बालदीत घेऊन आले. एक टाकीत सोडली. ती तळाशी तिरकी तिरकी पळाली. गोबऱ्याचा डोळा फिरला. पहिल्यांदा! पण अंग हललं नाही. डोळा चिंबोरीवर, मग माझ्यावर, मग चिंबोरीवर. त्या उघड्या काचेत त्याला मागे सरायला जागाच नव्हती. कपारीत राहणारा जीव मी चौकात उभा केला होता.

मग मी माझंच प्रदर्शन मोडलं. खडकाचे दोन सच्छिद्र दगड आणून आत कपार केली. काचेच्या तीन बाजूंना पत्रकांचे उरलेले कागद चिकटवले, छापील बाजू बाहेर. गोबरा सरळ कपारीत घुसला आणि दिसेनासा झाला. बघायला आलेले वैतागले. "दगड बगायला बोलावलंस काय?" मी दार लावून घेतलं.

सकाळी टाकीत चिंबोरी नव्हती. एक नांगी तेवढी पडली होती. मी आईला मिठी मारली, तिने "सोड, माजी गाडी जाईल" म्हणून ढकललं. पण जाताना वाकून कपारीत बघून गेली.

रविवारी समितीतले म्हणाले, टाकी टेम्पोत घाल. मी घातली नाही. टेम्पोत घातला असता तर त्याने पुन्हा तोंड मिटलं असतं. सभेत साहेबाने विचारलं, "कुठे आहे तुमचं जिवंत?"

"घरी जेवतंय. तुम्ही चला."

लोक हसले, तोही हसला, आणि हसल्यामुळे त्याला यावं लागलं. चपला दारात. घरात आई, बाबा, साहेब, त्याचा एक माणूस आणि मी. चिंबोरी सोडली. कपारीच्या तोंडाशी तो पुढे आलेला ओठ दिसला. थोडं डोकं आलं. इतक्यात साहेबाचा फोन वाजला आणि डोकं गडप.

"सायेब," आई म्हणाली, "तो बंद करा, नायतर भायेर जावा."

त्याने बंद केला. आम्ही उभे. घामाच्या धारा, पंखा मीच बंद ठेवलेला. चिंबोरी दगडावर चढली, उतरली, परत चढली. साहेबाने पाय बदलला, बाबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने पुन्हा बदलला नाही. मला वाटलं, संपलं. नाही खात आता.

आणि मग खाल्लं. येताना कुणाला दिसला नाही. पाणी उसळलं, चिंबोरी नव्हती आणि तो परत आत होता, कल्ले फुगवून.

साहेब खाली वाकला. हळू आवाजात म्हणाला, "हा इथलाच?"

"मग काय बोयसरशी इकत आनला?" आई म्हणाली.

त्याने फोन सुरू केला, कॅमेरा उघडला. बालदीत आणखी चिंबोऱ्या होत्या, त्या त्याला दिसल्या. "परत एकदा करा ना. व्हिडिओ घेतो, वर दाखवायला उपयोग होईल."

मी बालदीवर झाकण ठेवलं.

"नाही," मी म्हणाले. "त्याचं पोट भरलंय. उद्या ओहोटीला सोडायला जाणार आहे. तिथे या, आणि या वेळी पाणी उतरल्यावर या."