ओळीच्या शेवटी

बाई मेलेली नाही, हे आधीच सांगून टाकते. कुणाबद्दल लिहिलं की वाचणारे लगेच हळहळायला टपलेले असतात. ती धडधाकट आहे, आमच्या नाट्यगृहापासून चार थांबे पलीकडे राहते आणि माझं तोंडही बघत नाही.

मी नाट्यगृहातली कपडेवाली. नाचणाऱ्यांचे कपडे उसवायचे, घट्ट करायचे, घामाचे डाग काढायचे, एवढंच माझं काम. तिला सगळेच आत्या म्हणत, कारण तिची भाची म्हणायची. डोंगरातली आदिवासी बाई. शहरात आली तेव्हा तिला दुसऱ्यांच्या नाचात 'जंगली लोक' म्हणून किंचाळायला उभं करायचे. मुळात सावळी, तरी वरून आणखी काळा रंग फासायचे, का तर म्हणे लांबून खरी वाटत नाही! सात वर्षं तिने ते सोसलं. मग एक दिवस रंगाचा डबा मोरीत ओतला, आपल्याच लोकांतल्या आठ पोरी गोळा केल्या आणि टायरच्या दुकानावरची खोली भाड्याने घेऊन स्वतःचे नाच बसवायला लागली. पाण्याखाली गेलेल्या गावावर एक, सरकारी कचेरीतल्या रांगेवर एक. प्रयोग आमच्याच नाट्यगृहात, कपडे मीच शिवायची; लोक तिकीट काढून यायला लागले.

शिकवायला मात्र महाभयंकर. ताल चुकला की त्या पोरीला दिवसभर भिंतीकडे तोंड करून उभं करायची. भाचीच्या पायाला फोड आले तेव्हा म्हणाली, "फोड पायाला आलेत ना? मग रडतेस तोंडाने कशाला?" मी सुई टाकून तिच्या अंगावर धावले होते. भाची मात्र लंगडत जाऊन पुन्हा ओळीत पहिली उभी राहिली.

आत्या स्वतः कायम शेवटी. त्यांच्यात म्होरक्या मागेच उभा राहतो. पुढच्याला फक्त वाट दिसते, मागच्याला सगळे दिसतात. ती मागून टाच आपटायची आणि त्या आवाजावर अख्खी ओळ वळायची. म्होरक्याचा जाड पट्ट्याचा लाल अंगरखा फक्त तिच्या अंगावर.

मग नाट्यगृहाने कायमचं नृत्यपथक काढायचं ठरवलं. पथक तिचंच, प्रमुख कोण ते कमिटी ठरवणार. कमिटीने नाचाचं चित्रीकरण पाहिलं. कॅमेरा समोर, त्यामुळे दिसली भाची. अध्यक्ष म्हणाले, "नेतृत्व कुठे दिसतंय? ही मागची बाई नुसती पाय आपटतेय." आत्याने समजावून सांगितलं. त्यांनी माना डोलावल्या आणि म्हणाले, "मग एकदा पुढे उभं राहून दाखवा."

एकदा! पाच मिनिटांचं काम होतं. मी हात जोडले, "अहो आत्या, राहा की उभ्या. तुमच्या बापाचं काय जातंय?"

"पुढे उभी राहिले तर मी नाचणारी. म्होरकी नाही," ती म्हणाली आणि निघून गेली.

आठवड्याने पत्र आलं, भाचीच्या नावाचं. पोरगी पत्र घेऊन आत्याकडे गेली. आत्या म्हणाली, "तुला हवं ते कर." ते कुठल्या सुरात म्हटलं, ते खोलीतल्या खुंटीलासुद्धा कळलं असतं. भाचीने हवं ते केलं. सही केली.

लाल अंगरखा माझ्याकडे आला. भाचीच्या मापाने दोन बोटं घट्ट केला मी. नोकरी आहे माझी, काय करू? दुसरीने केला असता तर शिवण वाकडी आली असती, अशी मनाची समजूत घातली. तेव्हापासून आत्या माझ्याशी बोलत नाही.

पहिल्या प्रयोगाला तिला पुढच्या रांगेतलं आमंत्रण होतं. तिथे न बसता ती विंगेत आली, माझ्याच शेजारी. भाची पुढे, ओळीच्या शेवटी म्होरक्याच्या जागी कुणीच नाही. आत्याने माझं मनगट धरलं. माझं म्हणून नव्हे, हाताला लागलं म्हणून.

"चौथ्या वळणाला ओळ तुटेल," ती अंधाराला सांगितल्यासारखं म्हणाली. "मागून टाच आली नाही की तुटतेच."

खोटं कशाला बोलू, तुटावी असं मलाही वाटत होतं. एकीचा तरी पाय अडखळावा, एक तरी पोर आपटावी. चौथं वळण आलं. आत्याची टाच लाकडी फळीवरून उचलली गेली, आणि ती आपटायच्या आत आठ जोड्या पाय एकदम पडले. ओळ लख्ख वळली. इतकी साफ मी कधीच पाहिली नव्हती. बारा वर्षं भिंतीकडे तोंड करून उभं केलं होतं तिने त्यांना. तो ताल आता त्यांच्या हाडांत होता.

तिने टाच सावकाश खाली टेकवली, आवाज होऊ न देता.

टाळ्या थांबेनात. भाची धापा टाकत विंगेत आली. "आत्या, चुकलं का गं कुठे?"

आत्याने तिच्या पायांकडे बघितलं. खोटं बोलली असती तर सुटली असती. पण नाचाबद्दल खोटं बोलायला तिला कधी जमलंच नाही.

"नाही," ती म्हणाली. "आता मी लागत नाही तुम्हाला."

पोरीला ती शाबासकी वाटली. तिने घामेजल्या हातांनी आत्याला मिठी मारली आणि हसून म्हणाली, "बघ ना! उगाच जीव टांगणीला लावून बसली होतीस."