अक्कांचा डबा, अण्णांची मोटार

२९ जानेवारी १९८४, रविवार. काम : मोटारीच्या इंजिनाला तेल धरायचा डबा बसवणे.

माझे थोरले दीर, ज्यांना निम्मं आळंद गाव अण्णा म्हणायचं, त्यांनी जन्मात एकही वस्तू तिच्या मूळ कामासाठी वापरली नाही. बस डेपोतून फिटर म्हणून निवृत्त झाल्यावर तर त्यांना रानच मोकळं मिळालं. शिवणयंत्राच्या पायट्यावर ते विळ्याला धार लावायचे आणि माझ्या शाळेची तडकलेली घंटा त्यांनी ऐरण म्हणून मागून नेली होती. डेपोने निरोपाला दिलेली शाल थंडीभर मोटारीच्या रेडिएटरवर असायची. सोबतचा नारळ मात्र आम्ही खाल्ला, तेवढा एक अपवाद.

ती हिरवी मोटार त्यांनी लिलावात घेतली होती, आणि घेतल्या दिवसापासून ती त्यांच्या लेखी बैल होती. मलाही त्यांनी ती हाकायला शिकवलं होतं. कारहुणवीला, म्हणजे आमच्याकडच्या पोळ्याला, गावात बैलांची शिंगं रंगत, तेव्हा अण्णा मोटारीचे दिवे रंगवत आणि बॉनेटवर पुरणपोळी ठेवत. सोमवार हा बसवण्णाचा, म्हणजे नंदीचा वार, आमच्याकडे त्या दिवशी बैल जुंपत नाहीत. अण्णांची मोटारही सोमवारी जुंपली जात नसे. एकदा तालुक्याचा कुणी साहेब सोमवारी लग्नासाठी मोटार मागायला आला, तर अण्णांनी त्याला चहा पाजला, चाकांना लावलेले दगड दाखवले आणि म्हणाले, “आज दावणीला हाय.”

त्या रविवारी घाई होती ती अक्कांच्या डोळ्यासाठी. अक्का म्हणजे अण्णांची बायको, माझी मोठी जाऊ. एक डोळा आधीच गेलेला, दुसऱ्यात मोतीबिंदू पिकलेला. मागच्या खेपेला, एका गुरुवारी, अण्णा त्यांना गुलबर्ग्याला घेऊन गेले, तर इंजिनाच्या धुराने वाटेतच खोकल्याची उबळ आली. खोकणाऱ्या माणसाच्या डोळ्याला मी हात लावणार नाही, असं सांगून डॉक्टरांनी परत पाठवलं. आता सोमवारी सकाळी आठची वेळ मिळाली होती. पहिली बस त्यानंतर पोचायची. पुढची तारीख उन्हाळा सरल्यावरची, आणि तोवर डोळा टिकेल असं डॉक्टर म्हणत नव्हते.

इंजिन म्हातारं झालेलं. त्याचा ब्रीदर, म्हणजे श्वास सोडायची नळी, वाफेबरोबर तेलही बाहेर टाकायचा. ते तेल तापल्या लोखंडावर जळून धूर आत यायचा. अण्णांचा बेत साधा होता. ब्रीदरला रबरी नळी जोडून ती एका डब्यात सोडायची, डब्यात भांडी घासायच्या तारेचा बोळा कोंबायचा म्हणजे तेल तारेला चिकटून खाली उतरेल, आणि ते काढायला तळाला पाण्याच्या पिंपाची तोटी. डबा त्यांनी स्वयंपाकघरातून उचलला. अक्कांनी हाताने फळी चाचपली आणि तिथूनच विचारलं, “माझा शेंगदाण्याच्या चटणीचा डबा कुटं नेलाव?” तोपर्यंत अण्णांनी तळाला भोक पाडलं होतं.

दुपारपर्यंत मी पाने हातात देत उभी होते. डबा बसला, झाकणाला चहूबाजूंनी डाख दिला. इतकं नेटकं काम मी पाहिलं नव्हतं. इंजिन सुरू केलं आणि मिनिटाभरात तेल मोजायची पट्टी उसळून अण्णांच्या टोपीवर आदळली, मागून तेलाची पिचकारी धोतरावर.

मी विचारलं, “अण्णा, वाफ जायची कुठं?”

“जायची कामून? जाऊच नये म्हणून तर एवढा डाख दिलाय. डब्यातच ऱ्हाऊ दे की.”

चाळीस वर्षं इंजिनं उघडलेला माणूस हे बोलत होता. अक्कांना वास येऊ नये, एवढ्या एका विचाराने त्यांनी बाकीचं सगळं शिक्षण गुंडाळून ठेवलं होतं. उंबऱ्यावर बसलेल्या अक्कांना काही दिसत नव्हतं, पण आवाज ऐकू आला होता. “शिट्टी न्हाई का त्याला?” त्या म्हणाल्या. “कुकरला बी असती.” अण्णांनी झाकणाला भोक पाडलं आणि दुसरी नळी, इंजिन जिथून हवा ओढतं त्या एअर क्लीनरला जोडली, म्हणजे इंजिन आपली वाफ आपणच गिळेल. धूर थांबला. मी आत बसून दोनदा खोल श्वास घेऊन पाहिला.

मग सकाळी किती वाजता निघायचं, असं मी विचारलं. अण्णा हात पुसत राहिले. पुसता पुसताच म्हणाले, “उद्या सोमवार हाय, मास्तरीणबाई.” त्यांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. आठवडाभर ते फक्त डब्याचा विचार करत होते, म्हणजे दुसरा करावा लागू नये. मी काही बोलणार तोच अक्का म्हणाल्या, “माजा येकच डोळा ऱ्हायलाय. त्याला वार कळंना.” अण्णा उठून परसात गेले. जेवायलाही आले नाहीत.

डोळा पुढे चांगला झाला. अण्णांना जाऊन आता दोन वर्षं झाली, आणि त्यांचं नाव निघालं की अक्का अजून त्या डब्याची तक्रार करतात, तेव्हा त्यांचा आवाज मध्येच खाली येतो. मोटार भंगारात गेली. ती नेली त्या दिवशी मी घरी थांबायला हवं होतं, पण शाळेत परीक्षा होत्या.

त्या सोमवारी मी पाचला उठले. मोटार धुतलेली होती, बॉनेटवर विभूतीचे तीन पट्टे. चाकांचे दगड काढलेले. मागच्या सीटवर अण्णा अक्कांचं डोकं खांद्यावर घेऊन बसले होते, आणि पुढची, चालवायची जागा माझ्यासाठी रिकामी होती. किल्ली लावलेली होती. पुढच्या चाकांसमोर, बैलाला घालावी तशी कडब्याची पेंढी टाकलेली होती, तिच्यावर पाणी शिंपडलेलं. मी आत बसले, पुन्हा उतरले, पेंढी उचलून भिंतीशी नीट उभी केली आणि मग मोटार सुरू केली.